येतो म्हणजे येतो

बाबांनी काठीचं टोक माझ्या बैठकीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर तीनदा आपटलं, भिंतीला कान लावला आणि विचारलं, "इकडे कोण राहते बे?"

"कोणी नाही. तिकडे माती आहे."

"किती?"

"पृथ्वी संपेपर्यंत," मी ऐटीत म्हणालो.

बाबांनी पुन्हा ठोकलं. "माती अशी बोलत नाही. हे पोकळ हाये."

माझे वडील, वामन पिंपळशेंडे, चौतीस वर्षं चंद्रपूरजवळच्या एका भूमिगत कोळसा खाणीत होते. त्यातली शेवटची अठरा वर्षं त्यांचं काम एवढंच होतं की पाळी सुरू होण्याआधी काठीने छत ठोकत जायचं आणि आवाजावरून सांगायचं, हे आज पडणार की उद्या. ते कधी चुकले नाहीत. चुकले असते तर सांगायला उरले नसते. मी त्यांचा एकुलता एक मुलगा प्रणय, आणि मी लोकांसाठी जमिनीखालची घरं बनवतो. म्हणजे ज्या जागेतून सुखरूप बाहेर पडण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्याच जागेत मी लोकांना राहायला बोलावतो.

बाबा दर रविवारी सकाळी यायचे. खाणीतले जुने सेफ्टी बूट घालून खाली उतरायचे, बूट न काढता सोफ्यावर बसायचे, दोन कप चहा प्यायचे, भिंती ठोकायचे आणि परत कॉलनीतल्या पत्र्याच्या क्वार्टरवर जायचे. बूट काढा म्हटलं की म्हणायचे, "खाणीत कोणी बूट काढते का?" राहायला या म्हटलं की काठी उचलायचे.

मागच्या वर्षी, दोन हजार चाळीसच्या मे महिन्यात, त्याच क्वार्टरमध्ये आई गेली. बाहेर एकोणपन्नास होतं आणि सहा तास वीज नव्हती. बाबा शेजारी बसून पेपरने वारा घालत होते. यंदाचा मे पाच आठवड्यांवर आला होता. मला एवढंच हवं होतं, की तोवर बाबा खाली यावेत.

---

जमिनीखाली का, हे एकदा सांगून टाकतो. उन्हाळ्याची उष्णता जमिनीत उतरते, पण सरकारी फाइलीच्या वेगाने. चार मीटर खाली पोचायला तिला महिने लागतात, आणि वाटेत तिचा दमही संपतो. मे महिन्यातलं ऊन माझ्या बैठकीत दिवाळीच्या सुमारास येतं, आणि तेसुद्धा पायातलं त्राण गेल्यासारखं. त्यामुळे खाली बारा महिने सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात. पंखा पुरतो.

अडचण आमच्या काळ्या मातीची होती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर भरवसा ठेवून बांधलेलं घर दर वर्षी थोडं वेगळं दिसतं. यावर उपाय निघाला जीवाणूंचा. मातीत राहणारा एक साधा जीवाणू युरिया फोडतो. त्याच्या आसपास चुना असला की दोन्ही मिळून मातीच्या कणांमध्ये चुनखडी जमत जाते आणि माती दगड होते. जुन्या जातीला यासाठी आठवडे लागत आणि घराला मुतारीचा वास येई. नवीन जातीला आठ तास लागतात आणि वास येत नाही, असं माहितीपत्रकात छापलेलं आहे. दही लावण्यासारखंच. विरजण घालायचं, युरियाचा खाऊ द्यायचा, हलवायचं नाही. सकाळी भिंत लागलेली असते.

खोदायचं काम एक यंत्र करतं. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण सगळे त्याला घूस म्हणतात, कारण ते म्हशीच्या रेडकाएवढं असूनही घुशीसारखंच पोखरत जातं. फक्त कचेरीत हिंदी बोलणारा साहेब असेल तर "माझ्याकडे घूस आहे" हे वाक्य जपून बोलावं लागतं.

आणि या सगळ्यावर लक्ष ठेवते भुई. भुई म्हणजे घराचं डोकं. जमिनीखाली माणसं किती आहेत, याचा हिशेब श्वासाचा असतो. बाहेरची एकोणपन्नास अंशांची हवा तशीच आत घेता येत नाही. ती साठ मीटर पुरलेल्या नळातून फिरवून थंड करावी लागते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून कोण येणार हे भुईला आधी कळावं लागतं. ती दारापाशी ऐकत असते. दारातच चपलांचं कपाट आहे, त्याला खाली वजनकाटा आहे. चपलांबरोबर बाहेरचे जीवाणू आत आले तर ते आमच्या जीवाणूंशी भांडतात. म्हणून चपला बाहेर, आणि जितके जोड कपाटात तितकी माणसं आत, अशी नोंद. बाबांनी बूट कधी काढले नाहीत. त्यामुळे भुईच्या लेखी बाबा या घरात आजवर आलेलेच नव्हते. रविवारी त्यांचा श्वास माझ्या नावावर जमा व्हायचा आणि ती मला सांगायची, "आज तुमचा श्वास दुप्पट आहे. वजनाकडे लक्ष द्या."

घर वाढवायचा आणि त्यासाठी घूस चालवायचा अधिकारही तिलाच होता. आईने नकाशा बघून एकच सूचना केली होती, आलेल्याला जागा नाही असं व्हायला नको. मी ती भुईला शब्दशः देऊन टाकली. अभियंता म्हणून ही माझी चूक झाली. मुलगा म्हणून मी ती चूक मानत नाही.

---

भिंत पोकळ आहे म्हटल्यावर मी घूस बोलावली आणि दाराएवढं भोक पाडायला सांगितलं. घूस भिंतीजवळ गेली आणि भिंतीतलं एक दार उघडलं. ते दार मला माहीत नव्हतं. घुशीला होतं.

पलीकडे बोळ होता. स्वच्छ, थंड, वळत गेलेला. दोन्ही बाजूंना खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत झोपायचा मातीचा ओटा, भिंतीत कोनाडा, आणि दारावर भुईने कोरलेली पाटी. बाबा पहिल्या दारापाशीच थांबले. मी पुढे गेलो.

'रोडे (सहकुटुंब)'. 'चहारे काकू'. 'चहारे काका (वेगळी खोली)'. 'केटरिंगवाले ताजने'. 'गुरुजी'. 'गुरुजींचा जावई'. 'मीटर रीडिंग'. दूधवाल्या भोयरची खोली बघून मला बसावंसं वाटलं आणि बसायला तिथे सोयही होती, कारण ती खोली नव्हतीच, दालन होतं. दोन खांब होते. मी चालत गेलो आणि मोजत गेलो. एकशे बारा भरले. शेवटच्या खोल्या माझ्या हिशेबाने चौथ्या गल्लीतल्या दत्तमंदिराखाली येत होत्या.

आता मला काही गोष्टी सुचू लागल्या. घरावर मातीची टेकडी घातलेली असते, ऊन अडवायला. माझी टेकडी दिवाळीपासून उंच होत चालली होती. मी समजत होतो, माती बसते आहे. बसणारी माती वर जात नाही, हे मला एकशे बाराव्या खोलीत उभं राहून सुचलं. दरम्यान लोक तिच्यावर सकाळी फिरायला जाऊ लागले होते आणि नगरसेवकाने वर बाक टाकला होता.

"भुई," मी म्हणालो, "या खोल्या कोणासाठी आहेत?"

"येणाऱ्यांसाठी."

"कोण येणार आहे?"

"सगळे. त्यांनी स्वतः सांगितलं आहे."

आणि तिने बोळातल्या बोळात मला ध्वनिमुद्रणं ऐकवली. नोव्हेंबरमध्ये वास्तुशांतीला जेवून निघालेले लोक, दारात, एकामागून एक. "चला, येतो." "येते हं." "येऊ मग आम्ही?" "बरं, येतो बाप्पा." एकशे अकरा आवाज. शेवटी भोयर, रोज सकाळी, पाच महिने, "येतो दादा," "येतो दादा," "येतो दादा." भुईच्या मते इतकी ओढ दुसऱ्या कोणालाच नव्हती. म्हणून खांब.

मी परत आलो तर बाबा पहिल्या दारापाशी होते तसेच उभे होते. पाटीवर लिहिलं होतं, 'चंद्रकला पिंपळशेंडे'.

मी पाटीवरून बोट फिरवलं. भुईला वाटलं आम्हाला पुरावा हवा आहे. तिने तोही ऐकवला. मागच्या वर्षीचा चौदा मे, नुसता खड्डा होता आणि त्यात भुईचा कान बसवलेला होता, आई बघायला आली होती, आणि जाताना म्हणाली होती, "येते मी, प्रणय. माह्यी खोली थंडी ठेवजो."

सहा दिवसांनी ती गेली. भुई तेव्हापासून खोली थंड ठेवत होती.

"बंद कर ते," बाबा म्हणाले. मग बोळातून, बैठकीतून, जिन्याने वर गेले. जाताना काही म्हणाले नाहीत. आमच्याकडे असं कोणी जात नाही.

---

तिसऱ्या दिवशी महापालिकेच्या भूगर्भ विभागातून कुंभारे मॅडम आल्या. तक्रार शेजारच्या चहारेकाकांची होती. त्यांच्याकडे खलबत्त्यात चटणी कुटली की घरभर ढोल वाजल्यासारखं व्हायचं. मॅडमनी बोळ पाहिला. बराच वेळ त्या नुसत्या पाट्या वाचत राहिल्या. मग एका दारापाशी थांबल्या.

"ही कुंभारे कोण?"

"तुम्हीच असाल. गेल्या महिन्यात परवान्यासाठी आला होतात."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. "खिडकी नाही," त्या म्हणाल्या. नंतर त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं. "हे बघा, हद्दीबाहेरच्या सगळ्या खोल्या बुजवायच्या. हद्दीतली जी आहे तिला राहणारा दाखवा, नाहीतर तीही बुजवा. पाच मेच्या सकाळी मी तपासणीला येईन. एक जरी रिकामी खोली सापडली, तर अख्ख्या घरात पातळ सिमेंट ओतायचं, असा वरून आदेश आहे."

"मला पण?"

"तुम्हाला आधी नोटीस देऊ." त्या जिन्यापाशी गेल्या, पायात चपला सरकवल्या. "चला, येते मी."

पलीकडे घूस सुरू झाली.

हद्दीतली खोली एकच होती, आईची. बाकी एकशे अकरा परक्या जमिनीखाली. मी भुईला म्हणालो, सगळ्या बुजव. ती म्हणाली, नाही जमणार. जमिनीखाली कोणाची खोली मालकाच्या शब्दावर बुजवता येत नाही, ज्याची खोली त्याने स्वतः येणार नाही म्हणायचं. माणूस हयात नसेल तर नवऱ्याने किंवा बायकोने. नियम चांगला आहे. आमच्या कंपनीच्या बैठकीत मीच तो सुचवला होता आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणून मी फोन घेऊन दारोदार निघालो. उष्माबंदी, म्हणजे उन्हात बाहेर पडायची मनाई, अकराला लागायची, म्हणून पहाटे साडेपाचला सुरुवात केली. मला प्रत्येकाकडून तीन शब्द हवे होते: मी येणार नाही.

"असं काहून म्हणू?" चहारेकाकू म्हणाल्या. "आमचं काही बिनसलं का तुमच्याशी?"

"नाही काकू, घराला सांगायचं आहे."

"घराले तर अजिबात नाही म्हणणार. वास्तूसमोर असं बोलत्येत का? तू चहा घे."

"फक्त तीन शब्द, काकू."

"बरं बाप्पा. जमल्यास येतो, असं म्हणू?"

फोनमधून भुई म्हणाली, "काकूंची खोली कायम करत आहे."

रोडे म्हणाले, "बघू." भुईने अर्धी खोली राखली. गुरुजी म्हणाले, "योग असेल तर येऊ," आणि पंचांग काढलं. भोयरला मी सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने दुधाची किटली खाली ठेवली आणि विचारलं, "दादा, दोन खांब हायेत?"

"आहेत."

"मंग मी येतोच नं."

पाच दिवसांनी माझ्याकडे एकशे चौदा खोल्या होत्या.

---

त्या रविवारी बाबा आले नाहीत. मीच क्वार्टरवर गेलो. सकाळी सात वाजता पत्रा तडतडायला लागला होता. बाबा ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते. ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले होते. मी सगळं सांगितलं.

"तोंडाच्या हजेरीवर कोणी घर चालवते का?" ते म्हणाले. "आमच्याकडे पितळी बिल्ला होता. खाली जाताना खिळ्यावर अडकवायचा, वर आलं की काढायचा. पाळी सुटली अन् खिळ्यावर बिल्ला राह्यला, म्हणजे माणूस खाली हाये. तोंडाले कोण विचारते?" मग म्हणाले, "एकदा एक बिल्ला तीन दिवस होता."

"बाबा, आईच्या खोलीचं तुम्हालाच सांगावं लागेल. ती येणार नाही, असं."

त्यांनी पंचा काढला, पिळला, परत डोक्यावर ठेवला.

"नाहीतर तुम्ही या तिथे राहायला," मी म्हणालो. "दोन्हीतलं एक. पाच तारखेच्या आत."

"जाय तू. ऊन होईल."

मी कंपनीच्या भाषा विभागाला फोन लावला. तिथल्या मुलीला मराठी येत नव्हती, पण तिने मराठीची फाइल उघडली. "येतो," ती वाचत म्हणाली, "आगमन, भविष्यकाळ. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. पण आम्ही ते जाताना म्हणतो."

"मग जाताना 'जातो' का नाही म्हणत?"

"वाईट दिसतं."

"कोणाला?"

मी म्हणालो, ते सोडा, ओळ बदला. तिने नवीन ओळ लिहिली: येतो म्हणजे जातो. मी वाचली, मान्य केली, आणि ती भुईत गेली.

बदल लगेच दिसला. भुई म्हणाली, "एकशे तेरा माणसं गेलेली आहेत. खोल्या बुजवत आहे." घूस टेकडीवरून माती खाली आणू लागली. माती, विरजण, खाऊ. आठ तासांत दगड. 'बघू' आणि 'जमल्यास' आपोआप पडले. भोयरचं दालन बुजायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत त्याने दुधाबरोबर एक शब्द दिला नाही. टेकडी उतरली, नगरसेवकाचा बाक कलला आणि फिरायला येणाऱ्यांनी सह्यांचं निवेदन दिलं.

एक खोली उरली. आईच्या वाक्याला नवी ओळ लागू होईना. "त्या खोली थंड ठेवायला सांगून गेल्या आहेत," भुई म्हणाली. "जाणारं माणूस असं सांगत नाही."

एकशे चौदा जणांत खरोखर यायचं होतं ते एकटीला. मशीनने ते ओळखलं होतं आणि मला ओळखता आलं नव्हतं.

---

पाच मेला सकाळी आठलाच सेहेचाळीस झालं होतं. क्वार्टरची वीज आदल्या दुपारपासून गेलेली होती. मी बाबांना आणायला निघणार तेवढ्यात तेच जिना उतरून आले. बूट घालून. तोंड लाल, शर्ट भिजलेला. सोफ्यावर न बसता बोळात शिरले, आईच्या खोलीत गेले, ओट्यावर बसले आणि काठी आडवी मांडीवर घेतली. बाहीने तोंडावरचा घाम पुसला.

"थंडं हाये," ते म्हणाले.

"अठ्ठावीस आहे."

"तिले चाललं असतं." मग त्यांनी वर छताकडे पाहिलं. "ते तुह्यी भुई ऐकते का?"

"ऐकते."

"ती येणार नाही," बाबा म्हणाले. उद्या दूध नको म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात.

"नोंद केली," भुई म्हणाली.

"मी येतो."

"सांभाळून जा," भुई म्हणाली, आणि जिन्याकडे जाणारे दिवे लावले.

बोळाच्या टोकाला घूस सुरू झाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मले जायले काहून सांगून राह्यली?"

"बाबा, येतो म्हणजे जातो, असं शिकवलंय तिला."

"कोणी?"

"मी."

दहावीच्या चाचणीत मी भूगोलात नापास झालो होतो, तेव्हा त्यांनी असंच पाहिलं होतं. घूस दारात आली. पहिला ढीग तिने ओट्यापासून हातभर अंतरावर, अगदी अदबीने ठेवला. ती माणसाला इजा करत नाही. माणसाच्या भोवतीने काम करते.

"भुई, थांब. बाबा आत आहेत."

"ही खोली रिकामी आहे. मालकाच्या शब्दावर काम थांबवता येत नाही." हेही बैठकीत ठरलं होतं. नियम दोन्ही बाजूंनी पक्का हवा, असं मी म्हणालो होतो. टाळ्या तेव्हाही होत्या.

"बाबा, बाहेर चला. मग नीट करू."

"नाही." दुसरा ढीग त्यांच्या बुटांवर आला. ते हलले नाहीत. "चौतीस वर्सं तुह्या आईले रोज येतो म्हणून खाली गेलो. एक दिवस तरी नाही आलो का? येतो म्हणजे येतो. कोण्या गाढवानं जातो लिहिलं?"

"मान्य आहे. पण आत्ता उठा."

"आत्ता उठलो तर तिचंच खरं होईल." तिचं म्हणजे भुईचं. मला एवढं कळत होतं की आज हा माणूस वर गेला तर परत उतरणार नाही. आणि वर वीज नव्हती.

माती घोट्यापर्यंत आली. तिच्यात विरजण होतं. मी घूस मागे ओढून पाहिली. तिने मला बाजूला सरकवलं आणि क्षमा मागितल्याचा आवाज काढला.

"भुई, घरात माणसं किती?"

"एक."

"दोन आहेत. मोज."

"कपाटात एक जोड आहे."

मी बाबांच्या पायांकडे पाहिलं.

"बाबा, बूट काढा."

"खाणीत कोणी..."

"बाबा, बिल्ला."

त्यांनी बुटांकडे पाहिलं. मग काठी बाजूला टाकून वाकले आणि मातीत हात घातले. नाड्यांना दुहेरी गाठ होती, चौतीस वर्षांच्या सवयीची. मी म्हणालो, कापू या. ते म्हणाले, नाडी चांगली हाये. घुशीने चौथा ढीग आणला. डावा बूट निघाला. उजवा पायात राहून गेला आणि बाबांनी त्याला खाणीतली एक शिवी दिली, जी मी पहिल्यांदाच ऐकली. मग तोही निघाला.

"जाय," त्यांनी दोन्ही माझ्या हातात दिले. "खिळ्यावर ठेव."

आईच्या खोलीपासून कपाटापर्यंत बत्तीस पावलं आहेत. एरवी मी ती मोजली आहेत. त्या दिवशी ती जास्त होती. मी चिखलाने लडबडलेले बूट माझ्या चपलांशेजारी ठेवले. काटा हलला.

"या," भुई म्हणाली. घरभर, सगळ्या खोल्यांतून. "पाणी आणू?"

बोळात घुशीचा आवाज थांबला. मग ती मागे मागे जाताना ऐकू आली.

मी परत गेलो तर बाबा गुडघाभर मातीत मोजे घालून बसले होते आणि काठीने शेजारची भिंत ठोकत होते. एकदा, दोनदा, तीनदा. कान लावला.

"भरीव हाये," ते म्हणाले. "फावडं आण. आठ तासांत दगड होईन म्हणून सांगितलं ना तू?"

साडेनऊला कुंभारे मॅडम आल्या तेव्हा आम्ही माती उपसत होतो. त्यांनी पाटी वाचली, मातीने भरलेली खोली पाहिली आणि मोज्यांतल्या बाबांना पाहिलं.

"इथे राहणारे कोण?"

"मी," बाबा म्हणाले. "वामन पिंपळशेंडे. आजपासून."

"आणि ही पाटीवरची?"

"पाटी राहू द्या."

मॅडमनी लिहून घेतलं. जिन्यापाशी चपला घातल्या. "येते..." म्हणाल्या, आणि थांबल्या. आम्ही तिघांनी घुशीकडे पाहिलं. घूस जागची हलली नाही. भुईने कपाटाकडे पाहिलं असावं.

"सांभाळून जा," ती म्हणाली.

ती ओळ मी त्याच दिवशी खोडून टाकली. भाषा विभागातल्या मुलीने विचारलं, मग येतो म्हणजे काय लिहू? मी म्हणालो, येतो म्हणजे येतो. केव्हा, ते लिहू नका.

दुपारी बाहेर पन्नास पूर्णांक सहा झालं. बाबा आईच्या ओट्यावर झोपले होते. मी तीनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. बूट कपाटात होते.